पहिलं लग्न ‘मुळातच रद्द’ होतं असं वाटतंय? मग दुसऱ्या लग्नाआधी हे या क्रमाने करा

प्रश्न जवळपास ठरलेला असतो. "त्याचं आधीच लग्न झालेलं होतं, मला नंतर कळलं, मग आमचं लग्न कायद्याने झालंच नाही ना, म्हणजे मी सरळ दुसरं करू शकते ना?" आणि हे विचारेपर्यंत सुपारी फुटलेली असते, कार्यालयाला अ‍ॅडव्हान्स गेलेला असतो. कायद्याच्या पुस्तकात याचं उत्तर बऱ्याचदा "हो" असंच निघतं. पण ते "हो" उद्या विवाह नोंदणीच्या टेबलावर, परवा पोलीस स्टेशनला आणि वीस वर्षांनी फ्लॅटच्या वारसाच्या भांडणात तुम्हालाच सिद्ध करायचं असतं, आणि तिथे तोंडी काही चालत नाही. त्यामुळे आधी कोर्टाचा कागद, मग लग्न.

खालचं सगळं मुख्यतः हिंदू विवाह कायदा १९५५ लागू असलेल्यांसाठी, म्हणजे हिंदू, बौद्ध, जैन, शीख. कोर्ट मॅरेज केलेल्यांना, म्हणजे स्पेशल मॅरेज अ‍ॅक्ट १९५४ वाल्यांना, जिथे फरक पडतो तिथे सांगतो. मुस्लिम, ख्रिश्चन, पारशी यांचे कायदे वेगळे आहेत, त्यात इथे शिरत नाही, फक्त पुण्याच्या कॅम्प-खडकीकडचे बरेच जण विचारतात म्हणून एवढंच की चर्चने लग्न रद्द ठरवलं तरी ते कायद्याने रद्द होत नाही, त्यालाही कोर्टाचा आदेश लागतो.

## टप्पा १: तुमचं लग्न नेमकं कोणत्या प्रकारात येतं

इथेच निम्मे लोक चुकतात, कारण "फसवणूक झाली" आणि "लग्न रद्द" हे एकच समजतात.

मुळातच शून्य लग्न, म्हणजे कायद्याच्या नजरेत पहिल्या दिवसापासून नसलेलं, कलम ११. कारणं फक्त तीन. लग्नाच्या दिवशी दोघांपैकी एकाचा आधीचा नवरा किंवा बायको हयात होती आणि ते लग्न मोडलेलं नव्हतं. दोघं कायद्याने मनाई असलेल्या नात्यातले आहेत. किंवा सपिंड आहेत, म्हणजे ढोबळमानाने वडिलांकडून पाच आणि आईकडून तीन पिढ्यांत येतात. शेवटच्या दोन्हींत रूढीची सूट आहे. मामाच्या मुलीशी लग्न हे कागदावर मनाईच्या नात्यात येतं, पण आपल्याकडे कितीतरी समाजांत ही रूढ चालत आलेली आहे, त्यामुळे "मामेबहीण होती म्हणून लग्न रद्द" असं धरून पुढे गेलात तर समोरचा रूढी सिद्ध करून तुम्हाला तोंडघशी पाडू शकतो.

रद्द होऊ शकणारं लग्न, कलम १२. जबरदस्ती, महत्त्वाची गोष्ट लपवून केलेली फसवणूक, नपुंसकत्वामुळे संबंधच न येणं, संमती देता येणार नाही अशी मानसिक अवस्था, लग्नाच्या वेळी मुलगी दुसऱ्यापासून गरोदर असणं. असं लग्न कोर्ट रद्द करेपर्यंत पूर्ण वैध असतं. फसवणूक किंवा जबरदस्ती असेल तर ती उघड झाल्यापासून, किंवा जबरदस्ती संपल्यापासून, एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो आणि कळल्यानंतरही राजीखुशीने एकत्र राहिलात तर हा रस्ता बंद. मग उरतो घटस्फोट.

लग्न लागलंच नाही. विधीच झाले नाहीत, नुसतं सर्टिफिकेट आहे. आळंदीला किंवा कुठल्या तरी विवाह मंडळात जाऊन हार घातले, फोटो काढला, सर्टिफिकेट घेतलं, सप्तपदी नाही की समाजाचा दुसरा कुठला विधी नाही. २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की हिंदू विवाह कायद्याखाली विधींशिवाय नुसत्या नोंदणीने लग्न होत नाही. पण सर्टिफिकेट तुमच्या नावावर रेकॉर्डला पडून आहे ना, ते आपोआप जात नाही. इथे कलम ११ चा अर्ज नसतो, तर आमचं लग्न झालेलंच नाही अशी घोषणा फॅमिली कोर्टाकडून मागायची असते.

राहिलं ते सगळं वैध लग्न, आणि त्यातून बाहेर पडायला घटस्फोटच लागतो.

सावधान: खालच्या गोष्टींनी लग्न शून्य होत नाही, कितीही जणांनी छातीठोकपणे सांगितलं तरी.
- लग्नाची नोंदणी केलेली नाही.
- पाच-सात वर्षं वेगळे राहतोय.
- शारीरिक संबंध कधी आलेच नाहीत.
- मुलीचं वय लग्नात १८ पेक्षा कमी होतं. हिंदू विवाह कायद्यात एवढ्याने लग्न आपोआप शून्य होत नाही. बालविवाह प्रतिबंध कायदा २००६ प्रमाणे ते लग्न रद्द करून मागता येतं, पण सज्ञान झाल्यावर दोन वर्षांच्या आत, म्हणजे मुलीने विसावं वर्ष पूर्ण व्हायच्या आत अर्ज टाकायला हवा. स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टखाली मात्र वय कमी असेल तर लग्न शून्यच धरतात.
- शंभर-पाचशेच्या स्टँप पेपरवर नोटरी करून घेतलेली फारकत. यावर पुढे वेगळं बोलतो, कारण सगळ्यात जास्त घोळ याच कागदाने घातलेत.

## टप्पा २: आधीच्या लग्नांची साखळी तारखांसकट लिहून काढा

वहीचं एक पान घ्या आणि दोघांच्याही बाजूची सगळी लग्नं, घटस्फोट, मृत्यू तारीखवार मांडा. कंटाळवाणं आहे पण वकिलाकडे जायच्या आधी हेच करायचं, कारण शून्य आहे की नाही हे तुमच्या लग्नाकडे बघून ठरतच नाही, ते त्याच्या आधीच्या लग्नाकडे बघून ठरतं, आणि ते आधीचं लग्न स्वतः टिकणारं होतं का यावर परत सगळं फिरतं.

समजा तुमचं लग्न २०१९ ला झालं. नंतर कळलं की नवऱ्याचं २०१४ ला एक लग्न झालेलं आणि घटस्फोट नाही. वाटतं, झालं, आपलं लग्न शून्य. पण ती २०१४ वाली बाई स्वतःच तेव्हा आधीची विवाहित होती आणि तिचाही घटस्फोट झालेला नव्हता असं निघालं तर? मग २०१४ चं लग्न शून्य, म्हणजे २०१९ ला तुमच्या नवऱ्याला कायद्याच्या नजरेत बायको नव्हती, म्हणजे तुमचं लग्न चक्क वैध. आणि तुम्ही घटस्फोट न घेता दुसरं लग्न केलंत तर गुन्हा तुमच्यावर. ऐकायला कोड्यासारखं वाटतं, पण समोरच्याचा वकील पहिल्यांदा हेच उकरून काढतो.

आता तो नोटरीचा कागद. "त्याची पहिली सोडचिठ्ठी झाली होती, कागद आहे" असं सासरचे म्हणतात. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ ने रूढीप्रमाणे होणारा घटस्फोट राखून ठेवलाय हे खरं, काही समाजांत काडीमोडीची जुनी रूढ आहे, पण ती रूढ त्या समाजात आहे हे कोर्टात मांडून पुराव्याने सिद्ध करावं लागतं. तसं नसेल तर नोटरीचा कागद म्हणजे दोघांनी सही केलेला एक कागद, बाकी काही नाही, लग्न तसंच चालू. हे दोन्ही बाजूंनी लागू होतं: त्याच्या फारकतीलाही आणि तुमच्या स्वतःच्या फारकतीलाही.

परदेशातला घटस्फोट हा पुण्यात अगदी कॉमन झालेला विषय. अमेरिकेतल्या कोर्टाने एकतर्फी घटस्फोट दिला, दुसरी बाजू तिथे गेलीच नाही, आणि कारण असं की जे आपल्या कायद्यात घटस्फोटाचं कारणच नाही, तर तो घटस्फोट इथे धरला जाण्याची शक्यता कमी. सुप्रीम कोर्ट हे १९९१ पासून सांगतंय. दोघं हजर होते, दोघांची संमती होती, तर गोष्ट वेगळी.

आणि धर्म बदलून केलेलं दुसरं लग्न: पहिलं हिंदू लग्न चालू असताना धर्मांतर करून केलेलं दुसरं लग्न शून्य, शिवाय गुन्हा. हे १९९५ ला ठरलेलं आहे.

तपासा: पानावरच्या प्रत्येक लग्नासमोर "कशाने संपलं" याचा कागद आहे का? कोर्टाचा हुकूमनामा (डिक्री) किंवा मृत्यूचा दाखला. यांपैकी काहीच नसेल तिथे लाल खूण करा, तुमची केस तिथेच अडणार किंवा सुटणार.

## टप्पा ३: पुरावे, आणि तेही भांडण सुरू व्हायच्या आधी

नोटीस गेली की समोरच्या घरातले फोटो आणि फेसबुक अल्बम गायब होतात. म्हणून आधी शांतपणे गोळा करा, मग बोला.

त्याचं आधीचं लग्न सिद्ध करायला लागतं: महापालिका किंवा ग्रामपंचायतीतला नोंदणीचा दाखला, लग्नपत्रिका, विधी चालू असतानाचे फोटो, लग्न लावणारे भटजी किंवा भंते, हजर असलेले नातेवाईक, मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर किंवा जन्मदाखल्यावर आईबापाची नावं, रेशनकार्ड, पासपोर्टमधलं जोडीदाराचं नाव, मतदार यादी, आणि पहिल्या बायकोने केलेली पोटगीची किंवा ४९८-अ ची (सासरच्या छळाची) जुनी केस असेल तर तिचे कागद. शेवटचं मिळालं तर सोन्याहून पिवळं, कारण तिथे नवऱ्याने बऱ्याचदा स्वतःच "ही माझी बायको" असं कबूल केलेलं असतं. ई-कोर्ट्सच्या साइटवर पक्षकाराच्या नावाने सर्च मारता येतो, जिल्हा आणि वर्ष बदलून बदलून बघा, आडनाव वेगळ्या स्पेलिंगने पण बघा. कौटुंबिक केस तिथे दिसली नाही म्हणजे ती नाहीच असं धरू नका.

पहिली बायको स्वतः साक्षीला आली तर उत्तमच. बऱ्याच जणी येतात, फक्त तिच्याशी बोलताना तिच्यावर राग काढू नका, तीही फसलेलीच असते.

तुमच्या लग्नाचे पुरावेही तेवढेच लागतात, हे लोक विसरतात. शून्य ठरवायचं तर आधी ते लागलं होतं हे दाखवावं लागतं ना.

सावधान: व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रिंटा काढून फोन विकून टाकू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि मूळ फोन मागितला जाऊ शकतो.

## टप्पा ४: अर्ज कुठे आणि काय मागायचं

पुणे शहरातल्यांसाठी शिवाजीनगरचं फॅमिली कोर्ट. बारामती, जुन्नरसारख्या तालुक्यांतल्यांनी हद्द आधी विचारून घ्या. अर्ज जिथे लग्न लागलं, जिथे समोरचा राहतो किंवा जिथे दोघं शेवटचे एकत्र राहिलात तिथे करता येतो, आणि अर्जदार बायको असेल तर ती सध्या राहते तिथेही. म्हणजे लग्न सांगलीला, नवरा नागपूरला आणि तुम्ही माहेरी कोथरूडला, तर पुण्यात अर्ज चालतो, नागपूरच्या फेऱ्या मारायची गरज नाही.

घटस्फोटाच्या अर्जाला लग्नानंतर एक वर्ष थांबायची अट आहे, शून्य ठरवायच्या अर्जाला ती नाही. आणि कलम १२ सारखी एक वर्षाची मुदतही कलम ११ ला नाही.

वकिलाला एक गोष्ट आवर्जून सांगा: मुख्य मागणी लग्न शून्य ठरवा, आणि ते सिद्ध नाही झालं तर पर्यायी मागणी घटस्फोट द्या, अर्थात घटस्फोटाचं कारण खरोखर असेल तर. टप्पा २ मधलं कोडं आठवा. नुसतं कलम ११ वर गेलात आणि तीन-चार वर्षांनी कोर्ट म्हणालं की आधीचं लग्न सिद्ध होत नाही, तर परत शून्यापासून सुरुवात. कलम १२ चं कारण असेल आणि वर्ष उलटायचं असेल तर तेही याच अर्जात घाला.

पहिल्या बायकोला मात्र नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाविरुद्ध कलम ११ चा अर्ज करता येत नाही, तो त्या लग्नातल्या दोघांपैकीच कुणीतरी करायचा. तिला घोषणेचा दावा वेगळा करावा लागतो.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बायकांना मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही, हे बऱ्याच जणींना माहीतच नसतं.

मग समन्स. समोरचा घेत नाही, पत्ता बदलतो, सोसायटीच्या वॉचमनला "नाहीत म्हणून सांग" म्हणून ठेवतो. अशात घाईघाईने चुकीच्या जुन्या पत्त्यावर बजावणी दाखवून एकतर्फी निकाल घ्यायचा मोह होतो. करू नका. समन्स नीट बजावलं नव्हतं असं त्याने दाखवलं तर त्याला कळल्यापासून ३० दिवसांत तो एकतर्फी निकाल रद्द करून मागू शकतो, आणि तोवर तुमचं दुसरं लग्न झालेलं असेल. सगळे माहीत असलेले पत्ते द्या, लागलं तर कोर्टाच्या परवानगीने पेपरात जाहीर नोटीस द्या, आणि बजावणीचा अहवाल फाइलला लागलाय हे डोळ्यांनी बघा.

तपासा: अर्जात दोन्ही मागण्या आहेत का? पोटगी मागायची असेल तर तीही लिहिली का? लग्न शून्य ठरलं तरी कायमची पोटगी मागता येते, २०२५ च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने यावर स्पष्ट निकाल दिलाय. मिळेलच असं नाही, कोर्ट परिस्थिती बघतं. आणि मुलं असतील तर घाबरू नका, कलम १६ प्रमाणे शून्य लग्नातली मुलंही औरसच, म्हणजे कायदेशीर.

## टप्पा ५: निकाल लागला, आता थांबा

सगळ्यात जास्त मार इथे खातात. निकाल ऐकला, पेढे वाटले, पुढच्या मुहूर्तावर बार उडवला.

निकालपत्र आणि हुकूमनामा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्हींच्या सर्टिफाइड नकला काढा, तीन-तीन तरी. मोबाईलवर आलेली पीडीएफ कुठेच पुरत नाही.

मग अपिलाची मुदत. फॅमिली कोर्ट कायद्यात ३० दिवस लिहिलेत, हिंदू विवाह कायद्यात ९०, आणि मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने ९० धरलेत. नक्कल मिळायला गेलेले दिवस त्यातून वजा होतात, म्हणजे समोरच्याची मुदत कॅलेंडरवर ९० च्या पुढे सरकू शकते. घटस्फोट असेल तर कलम १५ सांगतंच की अपिलाची मुदत संपल्याशिवाय किंवा अपील फेटाळल्याशिवाय लग्न करायचं नाही. शून्यतेच्या हुकूमनाम्याबद्दल त्या कलमात शब्द नाही, आणि "म्हणून दुसऱ्याच दिवशी करता येतं" असं सांगणारे वकील भेटतील. पण अपील त्यावरही होतंच, आणि पर्यायी मागणीवर घटस्फोट मिळाला असेल तर कलम १५ लागूच. माझं मत विचाराल तर चार महिने थांबा, हायकोर्टाच्या साइटवर दोघांच्या नावाने अपील दाखल झालंय का बघा, आणि मगच तारीख काढा. परस्पर संमतीचा घटस्फोट असेल तर फॅमिली कोर्टाच्या संमतीच्या हुकूमनाम्यावर अपील नसतं, तिथे नक्कल हातात आली की पुरे.

सावधान: नवरा किंवा बायको सात वर्षं बेपत्ता असेल तरी लग्न आपोआप सुटत नाही. सात वर्षं जिवंत असल्याचं काहीच ऐकू आलं नाही आणि नवीन जोडीदाराला ते आधी खरं खरं सांगितलं, तर द्विभार्येच्या, म्हणजे एक लग्न चालू असताना दुसरं केल्याच्या, गुन्ह्यातून सूट आहे. पण बेपत्ता माणूस हयात निघाला तर दुसरं लग्न शून्यच. या कारणावर आधी घटस्फोट घ्या.

## टप्पा ६: नवीन लग्न

नवीन जोडीदाराला आणि त्यांच्या घरच्यांना हुकूमनामा दाखवा, नुसतं सांगू नका. लपवलंत तर उद्या तेच "महत्त्वाची गोष्ट लपवली" म्हणून कलम १२ खाली तुमच्यावर उलटेल. मॅट्रिमोनी साइटवर "अविवाहित" लिहिण्याचा मोह आवरा.

नोंदणीच्या फॉर्ममध्ये आधीच्या स्थितीबद्दल विचारतात तिथे आधीचं लग्न आणि कोर्टाचा निकाल नमूद करून नक्कल जोडा. क्षेत्रीय कार्यालयात कारकून म्हणाला "राहू द्या, कशाला वाढवताय" तरी जोडा. कोर्ट मॅरेज करणार असाल तर ३० दिवसांची नोटीस, नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न, तीन साक्षीदार, हे धरून तारखा बसवा. नोटीस चार महिन्यांच्या थांबण्यानंतर द्या, आत नाही, कारण त्या नोटिशीवर जुना नवरा आक्षेप घेऊ शकतो आणि त्याला हातात आयतं कोलीत कशाला द्यायचं.

## आधीच दुसरं लग्न करून बसलात तर

घाबरून आणखी कागद बनवू नका. पहिलं लग्न वैध होतं असं निघालं तर दुसरं शून्य आहे, आणि नंतर पहिल्याचा घटस्फोट मिळवला तरी मागचं दुसरं लग्न त्यामुळे वैध होत नाही, हे लोकांना पटतच नाही. पहिल्याचा निकाल घ्यायचा, मुदत जाऊ द्यायची, आणि त्याच जोडीदाराशी परत विधी करून, नव्या तारखेने, नवी नोंदणी करायची. मागच्या तारखेचं सर्टिफिकेट "मॅनेज" करून देणारे भेटतील, तो वेगळा गुन्हा आहे.

द्विभार्येला भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली ७ वर्षांपर्यंत शिक्षा, आधीचं लग्न लपवून केलं असेल तर १० वर्षांपर्यंत. १ जुलै २०२४ आधीच्या लग्नांना जुन्या दंडविधानाची ४९४ आणि ४९५ कलमं. सरकारी नोकरी असेल तर खात्याची चौकशी वेगळी. पहिलं लग्न मुळातच शून्य होतं हा बचाव तुम्हाला आहे, त्यासाठी आधीचा हुकूमनामा कायद्याने सक्तीचा नाही, १९८८ ला महाराष्ट्रातूनच गेलेल्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने असं लग्न पहिल्या दिवसापासूनच नसतं असं म्हटलंय. पण तेव्हा टप्पा ३ मधले सगळे पुरावे आरोपी म्हणून, जामिनावर राहून गोळा करावे लागतात. म्हणून अजून तक्रार झालेली नसेल तर आज वकिलाकडे जाऊन कलम ११ चा अर्ज टाका, आणि तक्रार झाली असेल तर पोलिसांना जबाब द्यायच्या आधी क्रिमिनल बाजू बघणाऱ्या वकिलाला वेगळं भेटा, फॅमिलीवाल्याच्या भरवशावर राहू नका.